गुळाच्या सौद्यांच्या नोंदी एसक्यूएलमध्ये जोडताना

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा डेटाबेस समजा; एसक्यूएल ही त्यातून माहिती काढायची भाषा. टेबलं तीन: शेतकरी, सौदे, उचल (शेतकऱ्याने आगाऊ घेतलेले पैसे). शेवटच्या दोन्हींत शेतकरी क्रमांक आहे, जोडणी त्यावरच करायची. नावावर कधीच नको. एका गावात एकाच नावाचे दोघे सहज निघतात.

यंदा कुणाकुणी गूळ आणलाच नाही, हे शोधायला ‘शेतकरी’पासून सुरुवात करून ‘सौदे’ला लेफ्ट जॉइन लावा (यात सौदा नसलेला शेतकरीही यादीत राहतो) आणि व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या अटीत, ‘सौदा क्रमांक इज नल’ लिहा; नल म्हणजे रिकामी नोंद. हंगामाच्या तारखेची अट मात्र ऑनमध्येच, म्हणजे जोडणीच्या अटीतच हवी. ती व्हेअरमध्ये गेली की सौदा नसलेल्यांची तारीख नल असल्याने नेमक्या त्याच ओळी गळतात आणि उत्तर रिकामं येतं.

खरा घोळ बेरजेत होतो. एकाचे 4 सौदे आणि 3 उचली असतील आणि तिन्ही टेबलं थेट जोडली, तर 12 ओळी तयार होतात. सौद्यांची रक्कम तिप्पट, उचल चौपट! इथे सम डिस्टिंक्ट (सारखी रक्कम एकदाच धरून केलेली बेरीज) लावू नका, कारण 5000 च्या दोन वेगळ्या उचली तो एकच धरतो. आधी सौदे आणि उचल यांची ग्रुप बायने (शेतकरी क्रमांकानुसार गट करून) वेगवेगळी बेरीज करा, मग शेतकऱ्याला एकेक ओळ जोडा. वजाबाकीपूर्वी दोन्ही रकमांना कोॲलेस लावून नलचं शून्य करा, नाहीतर उचल न घेतलेल्याची बाकीच नल दिसेल.

पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद) काढण्याआधी एका शेतकऱ्याचा हिशोब वहीशी ताडून बघाच.