लाइन घालताना नव्हे, रोज हाताळताना: मुलांच्या सेंट्रल लाइनबाबत या चुका टाळा

सेंट्रल लाइन म्हणजे मान, छाती किंवा मांडीतून मोठ्या शिरेत घातलेली नळी. ती घालताना सगळे सावध असतात. गाऊन, मास्क, मोठी निर्जंतुक चादर. टोक कुठे आहे ते एक्स-रेत पाहिल्यावरच औषध सुरू होतं. त्यानंतर तीच लाइन दिवसातून अनेकदा उघडली जाते, शेजारच्या खाटेवरचा मॉनिटर वाजत असताना, घाईत. मुलांच्या आयसीयूत काम करताना जंतू आत शिरण्याची वाट मला बहुतेकदा इथेच सापडली आहे.

सगळ्यात जास्त चुका थ्री-वेवर, म्हणजे लाइनला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीवर होतात. औषध द्यायला टोपण काढलं, चादरीवर ठेवलं आणि काम झाल्यावर तेच परत लावलं. असं टोपण टाकून द्या, नवं लावा. उघडण्याआधी हब, म्हणजे सिरिंज जोडायचं तोंड, नुसता पुसू नका. पाकीटबंद स्पिरिट स्वॅबने 15 सेकंद घासा आणि सुकू द्या. ओल्या हबला सिरिंज जोडली तर घासण्याचा निम्मा उपयोग वाया जातो. सकाळी वाटीत भिजवलेले कापसाचे बोळे दुपारी वापरणं तर बंदच करा. त्यातलं स्पिरिट उडालेलं असतं आणि वाटीत प्रत्येकाची बोटं जाऊन आलेली असतात.

लाइनमधून औषध जात नसेल तर जोर लावू नका. आपला हात नकळत 2 मिलीच्या सिरिंजकडे जातो, पण सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त. नळी फाटू शकते किंवा गुठळी सुटून पुढे जाऊ शकते. फ्लशला, म्हणजे नळी सलाईनने धुवायला, 10 मिलीचीच सिरिंज घ्या, सलाईन मात्र बाळाच्या मापाने भरा. आधी क्लॅम्प पाहा, ड्रेसिंगखाली नळी मुडपली आहे का पाहा, मान किंवा पाय हलवून पाहा. तरीही जात नसेल तर शेवटचं औषध कोणतं दिलं ते चार्टवर शोधा. फेनिटॉइन या झटक्यांवरच्या औषधाचा डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) साका, म्हणजे गाळ होतो, सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकचा कॅल्शियमबरोबर. असा साका गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने निघत नाही, म्हणून डॉक्टरांना बोलावतानाच ही माहिती द्या. 28 दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियम असलेलं सलाईन चालू असेल, तर सेफ्ट्रायॅक्सोन मुळीच देऊ नये.

नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. त्याची बाटली दोनदा वाचा. 2006 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये मिलीला 10 युनिटच्या जागी 10,000 युनिटचं हेपॅरिन गेलं आणि अपुऱ्या दिवसांची तीन बाळं दगावली. आपल्याकडे बहुतेकदा मिलीला 1000 किंवा 5000 युनिटची बाटली येते आणि ती वॉर्डातच पातळ करावी लागते, त्यामुळे धोका आपला हिशेब चुकण्यात असतो. दुसऱ्या सिस्टरने तो हिशेब स्वतः मांडून पाहावा; नुसतं ‘बरोबर आहे ना?’ विचारून मान डोलावणं म्हणजे तपासणी नव्हे.

मांडीतली लाइन असेल तर डायपर ड्रेसिंगला लागू देऊ नका. ड्रेसिंगची कड सुटली किंवा ओली झाली, तर सात दिवस भरायची वाट पाहू नका.

‘सिस्टर, औषध सोडलं की हा थरथरतो.’ आई असं म्हणाली तर ते काम सोडून ऐका. फ्लशनंतर थंडी वाजून ताप येणं हे लाइनमध्ये जंतू असल्याचं लक्षण असू शकतं. अँटिबायोटिक देण्याआधी कल्चर (जंतू तपासायला रक्त) घ्या, लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून, दोन्ही एकाच वेळी.

‘ही लाइन आज हवीच का?’ हे रोज राउंडला विचारा. मान किंवा छातीतली लाइन आईच्या मांडीवर बसवून काढू नका. मुलाला सपाट झोपवा. रडताना हुंदक्यानंतर मूल जोराने श्वास आत ओढतं, त्याच क्षणी नळी निघाली तर हवा शिरेत खेचली जाते. श्वास सोडताना नळी काढा, लगेच दाबून धरा, हवाबंद ड्रेसिंग लावा आणि अर्धा तास त्याला उठू देऊ नका.