खानदेशातले ऊन आणि समुद्राचे पाणी: सौर डायव्हर घड्याळ कसे वापरावे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी जाताना काटे आणि आकडे दोन्ही दाखवणारे सौर घड्याळ मनगटावर बांधणार असाल, तर त्याची तयारी समुद्रावर नव्हे, घरीच करावी. आपल्याकडे उन्हाची वाण नाही, म्हणून हे घड्याळ खानदेशात आपोआप ठणठणीत राहील असे वाटते. पण त्याला हवा असतो तो प्रकाश, उष्णता मात्र त्याला सोसत नाही, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हेच खरे काम असते.

प्रथम डायल वाचावी. नुसते ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेले घड्याळ स्कूबासाठी नसते. ‘डायव्हर्स 200 मीटर’ असा स्पष्ट उल्लेख हवा. आयएसओ 6425 या मानकानुसार अशा घड्याळाची चाचणी लिहिलेल्या खोलीपेक्षा 25 टक्के अधिक दाबावर, म्हणजे 200 मीटरच्या घड्याळाची 250 मीटर इतक्या दाबावर घेतली जाते. सेइको या जपानी कंपनीने 1982 साली काढलेले काटे-आकड्यांचे डायव्हर घड्याळ 150 मीटरचे होते आणि साध्या सेलवर चालत असे. त्याच घाटाचे आजचे सौर घड्याळ 200 मीटरचे असून पूर्ण चार्ज झाल्यावर अंधारातही सुमारे सहा महिने चालते.

आता चार्जिंगविषयी. डायलखालच्या सौरपट्टीवर प्रकाश पडला की वीज तयार होऊन आतल्या पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलमध्ये साठते. या सेलला आणि आकड्यांच्या पडद्याला साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान सोसत नाही. वाळवणाच्या दिवसांत पापड-कुरडयांच्या शेजारी धाब्यावर ठेवलेले घड्याळ किंवा दारे लावून उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेले घड्याळ ही मर्यादा सहज ओलांडते. आधी आकड्यांचा पडदा काळपट पडतो, आणि सावलीत आणल्यावर तो पूर्ववत झाला तरी पाणी रोखणारी रबरी रिंग अशा वारंवारच्या तापण्याने कडक होत जाते. ते नुकसान डोळ्यांना दिसत नाही, ते पाण्यातच कळते. म्हणून सकाळी सात ते नऊच्या कोवळ्या उन्हात, पूर्वेच्या खिडकीत, डायल वर करून घड्याळ ठेवावे. मनगटावर असताना ते शर्टाच्या बाहीखाली झाकले जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी. सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांनी उडी मारू लागला किंवा आकडे नाहीसे झाले, तर ती बहुतेक मॉडेलांत चार्ज संपत आल्याची खूण असते. अशा अवस्थेत ते समुद्रावर नेऊ नये.

काट्यांची वेळ आणि आकड्यांची वेळ अनेक घड्याळांत स्वतंत्रपणे लावावी लागते. दोन्ही मिनिटाला मिनिट जुळवून घ्यावी, कारण पाण्याखाली दोन वेगळ्या वेळा दिसल्या तर त्यातली खरी कोणती, हे ठरवत बसायला सवड नसते. वेळ लावून झाल्यावर चावी आत दाबून घट्ट फिरवावी आणि ती पूर्ण बसली आहे ना, हे नखाने चाचपून पाहावे.

एक गोष्ट मी स्वतः भोगली आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. माझ्या घड्याळाचे आकडे फिके दिसत होते, म्हणून बाजारातल्या एका कारागिराकडे मी ते दिले. त्याने मागचे झाकण उघडून पाहिले आणि पुन्हा बंद करून दिले. घरी बादलीभर पाण्यात ते बुडवल्यावर झाकणाच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले, आणि थोड्याच वेळात काचेच्या आतून सहाच्या आकड्याजवळ चंद्रकोरीसारखे धुके धरले. रबरी रिंग एका जागी चिमटली गेली होती. तेव्हापासून झाकण उघडले की दाब-चाचणी करून घेतल्याशिवाय मी ते घड्याळ पाण्यात नेत नाही. बादलीने ढोबळ गळती कळते, दाबाखालची कळत नाही. त्यासाठी अधिकृत सेवा केंद्रच गाठावे. आणि सौर घड्याळात साधा बटणसेल कोणालाही बसवू देऊ नये, कारण तो चार्ज होण्यासाठी बनवलेला नसतो आणि आत फुटू शकतो.

बोटीवर पट्टा वेटसूटच्या, म्हणजे डायव्हिंगच्या अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखाच्या, बाहीवरून बांधावा. दोन उन्हाळी सुट्ट्यांचा माझा अनुभव असा, की पोलराइज्ड गॉगलमधून आकड्यांचा पडदा काही कोनांत काळा दिसतो आणि माणूस उगीच घाबरतो. गॉगल काढून पाहावे. खाली उतरायला सुरुवात करताना बाहेरच्या कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणावा. पुढे मिनिटकाटा कड्यावरच्या ज्या आकड्यावर असेल, तितकी मिनिटे झाली. कडे फक्त काट्यांच्या उलट्या दिशेनेच फिरते, कारण धक्का लागून ते सरकलेच तरी गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये. पाण्याचे जसजसे थर चढतात तसतसा लाल रंग आधी नाहीसा होतो. म्हणून लाल-निळ्या कड्याचा लाल भाग खाली करडा दिसतो आणि वाचायला पांढरे चमकते ठिपकेच कामी येतात. पाण्याखाली चावी कधीही सैल करू नये, आणि पुस्तिकेने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर बटणेही दाबू नयेत.

हे घड्याळ खोली दाखवत नाही. ते खोली आणि वेळ मोजणाऱ्या डायव्ह कॉम्प्युटरच्या जोडीला असते, त्याच्या जागी नव्हे. वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेग नको आणि 5 मीटरवर 3 मिनिटे थांबावे, असे शिकवले जाते. ती तीन मिनिटे मोजायला मात्र काटा फार उपयोगी पडतो.

पाण्याबाहेर आल्याची वेळ लगेच लिहून ठेवावी. आपल्याला परतीच्या वाटेवर घाट चढायचा असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे, आणि डायव्हनंतर विमानप्रवासासाठी सांगितलेली प्रतीक्षा 600 मीटरच्या पुढच्या उंचीलाही लागू होते. एका साध्या डायव्हनंतर किमान 12 तास, एकाहून अधिक डायव्ह केल्या असतील तर किमान 18 तास, हा हिशेब प्रशिक्षकाशी बोलून करावा आणि मगच गाडी काढावी.

मुक्कामावर पोहोचताच चावी बंद ठेवून घड्याळ गोड्या पाण्यात बुडवावे आणि कडे फिरवत मीठ काढावे. घरी परतल्यावर धुणार असाल तर दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी वापरू नये; उन्हाळ्यात ते हात भाजेल इतके तापलेले असते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटची धार माठातल्या किंवा गाळलेल्या पाण्याची द्यावी. मऊ कापडाने पुसून सावलीत वाळवावे, आणि पुढची सहल लांब असली तरी कपाटात बंद न करता पुन्हा त्याच पूर्वेच्या खिडकीत ठेवावे.