धंद्याची कल्पना शोधायला बसताय? या चुका टाळा

गेली अकरा वर्षं मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बचत गटांच्या, नव्यानं धंद्यात पडणाऱ्या पोरांच्या, क्वचित एखाद्या भावकीच्याही बैठकांना जाऊन बसतोय. काम एकच, ‘काय धंदा करायचा’ हे त्यांचं त्यांनाच सुचावं म्हणून मदत करायची. याला आता सगळेच ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात. मराठीत विचारमंथन. मंथनातून अमृताआधी हलाहल निघालं होतं, हे मात्र सगळे सोयीस्कर विसरतात. त्याच त्या चुका बघून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

ज्याचे पैसे, तो आधी बोलतो

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

इचलकरंजीत एका घरची बैठक होती. सहा चुलतभाऊ, दोन मित्र, एक भाचा आणि भांडवल घालणारे काका. खोली मागाच्या शेडला लागून, त्यामुळे सगळे ओरडूनच बोलत होते. मी कागद वाटायच्या आत काकांनी घसा खाकरला. “माझं ऐकाल तर जारच्या पाण्याचा प्लांट टाकू. उन्हाळ्यात लोक रांगा लावतात.” झालं! पुढच्या दीड तासात फळ्यावर ४१ कल्पना आल्या. नंतर मोजल्या तर ३३ पाण्याच्या. वीस लिटरचा जार, लग्नाच्या ऑर्डरचा जार, थंड पाण्याची गाडी, बर्फ, बर्फाचा गोळा. भाच्यानं नारळपाणी सांगितलं, तर काका म्हणाले, “बघा, याला विषय कळला.”

दारापाशी शेडमधला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, बसला होता. चहा द्यायला आला तेव्हा त्यालाही बसवून घेतलं होतं. दीड तासात त्यानं तोंड उघडलं नाही. निघताना मी सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला आणि नाव न घालता काहीही लिहा म्हटलं. एका कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘रात्री पिकर तुटला तर दुकान उघडेपर्यंत माग बंद. रात्री सामान कोण देईल?’

पिकर म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला ठोसा मारून पलीकडे पाठवणारा मागाचा तुकडा. चार-सहा माग असलेल्याला सगळंच सामान घरात साठवणं जमत नाही. रात्रपाळीत काही तुटलं की तो माग सकाळपर्यंत गप्प. त्या दोन ओळींत गिऱ्हाईक होतं, अडचण होती, वेळ होती, नुकसानही होतं. काकांनी कागद वाचला, “किरकोळ आहे” म्हणाले आणि घडी करून चहाच्या कपाखाली ठेवला. प्लांट टाकला. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत त्याच रस्त्यावर आणखी तीन प्लांट उभे राहिले, दर पडला आणि काकांचे पैसे अक्षरशः पाण्यात गेले.

तेव्हापासून माझ्या बैठकीत पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही. प्रत्येकानं आपापल्या कागदावर लिहायचं, मी कागद गोळा करून पिसतो आणि स्वतः वाचून दाखवतो. पैसेवाल्यानं शेवटी बोलायचं. रागावतात. रागावू देत.

हे माझं डोकं नाही. ब्रेनस्टॉर्मिंग रूढ केलं अमेरिकेतल्या जाहिरात धंद्यातल्या ॲलेक्स ऑसबर्न यांनी. त्यांचे नियम चार: टीका नंतर करा, भरपूर कल्पना काढा, अचाट कल्पनाही येऊ द्या, एकमेकांच्या कल्पनांवर भर घाला. नियम चांगलेच आहेत. पण १९५८ साली येल विद्यापीठात ते तपासून पाहिलं, तर चार जण एकत्र बसून जेवढं काढतात त्यापेक्षा चार जणांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पनांची बेरीज बरीच जास्त भरली. १९८७ च्या एका अभ्यासात मोठं कारण सापडलं ते अगदी साधं. एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता आपलं सुचलेलं विसरतात. आपल्याकडे त्यात मोठ्यांसमोर न बोलण्याची रीत मिसळा.

लिहून काढायची एक जर्मन पद्धत आहे, १९६८ मधली. सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडे, त्यानं त्यात आणखी तीन घालायच्या. सहा फेऱ्यांत, अर्ध्या तासात १०८ कल्पना. बचत गटात मी हेच वापरतो, फक्त पाचाऐवजी सात मिनिटं देतो, कारण लिहायची सवय सुटलेल्या हाताला वेळ लागतो. जिला लिहिता येत नाही ती शेजारणीच्या कानात सांगते.

‘कोणता धंदा करू?’ हा प्रश्न घेऊन बसणं

या प्रश्नाला उत्तरं ठरलेली. अमृततुल्य, वडापाव, मेस, पापड-लोणचं, टी-शर्टवर छपाई, आणि अलीकडे मशरूम. कुठल्याही तालुक्यात जा, पहिल्या पंधरा कल्पना याच. कोऱ्या डोक्यानं बसलं की डोक्यात काल पाहिलेला व्हिडिओच असतो.

त्यापेक्षा आधी कटकटी गोळा करून आणा. मी बैठकीच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला दहा रुपयांची वही घ्यायला सांगतो. रोज तीन कटकटी, आपल्या नाहीत, दुसऱ्याच्या. कोण, कुठे, केव्हा, किती पैसे किंवा वेळ गेला. एका ताईंच्या वहीतली नोंद अशी होती: ‘मंगळवार. जाऊबाई. सासऱ्यांच्या डायलिसिसला आठवड्यात तीनदा मिरजेला. डबा घरून नेला तर गार, बाहेरचा घेतला तर मीठ जास्त.’ आता या ओळीवर अर्धा तास घालवा, बघा काय निघतं. ‘डबा सर्व्हिस’ एवढंच लिहिलं असतं तर यादीत तो सतरावा डबा झाला असता.

जे वही न भरता येतात त्यांना मी परत पाठवतो. “सर, वेळच नाही मिळाला” म्हणणारा दुकान काढल्यावर रोज सकाळी शटर कसं उघडणार, हे मला कळत नाही.

शांततेला घाबरणं

वीसेक मिनिटांनी सगळे गप्प होतात. अननुभवी माणूस इथे ‘चला, चहा घेऊ’ म्हणतो. नका म्हणू. सोपं सगळं सांगून झालेलं असतं, म्हणून शांतता असते. मी खिडकीबाहेर बघत बसतो. पाच मिनिटं फार लांब वाटतात, पण मग कुणीतरी चाचरत ‘हसू नका हां’ म्हणून सुरू करतं. कामाचं बहुतेक वेळा त्यानंतरच येतं.

‘हे चालणार नाही’

पहिल्या तासात या वाक्याला दहा रुपये दंड. जमलेल्या पैशांची भजी येतात. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरालाही शेतकरी आधी नाहीच म्हणत होते, लोखंडानं जमीन नासते म्हणून. हे किर्लोस्करवाडीच्या आसपासच्या लोकांना मला सांगावं लागतं, ही गंमत.

तयार साचा कुठेही लावणं

स्कॅम्पर नावाची प्रश्नांची एक पद्धत आहे. असलेल्या वस्तूत काही बदला, जोडा, उलटं करा, काढून टाका वगैरे. हातात वस्तू असेल तर ती छान चालते. शेंगदाण्याची चटणी करणाऱ्या एका गटाला मी एवढंच विचारलं, “यातून काय काढून टाकता येईल?” त्या हसल्या. लसूण काढला तर सोलापुरी चटणीत राहिलं काय! मग एकीला आठवलं की शेजारचं जैन कुटुंब लसूण नाही म्हणून घेत नाही, आणि चातुर्मासात तर आपल्याच घरी कुणी खात नाही. त्यांनी चार महिन्यांसाठी बिनलसणाची वेगळी पाकिटं काढली. पण ज्याच्याकडे अजून काहीच नाही, त्यानं हे प्रश्न विचारत बसणं म्हणजे न शिवलेल्या शर्टाची बाही आखूड करणं.

एआयला शंभर कल्पना मागणं

मागा. पण आपल्या वहीतल्या कटकटी घालून मागा. नुसतं ‘कमी भांडवलातले धंदे’ विचारलंत तर तीच यादी शेजारच्यालाही मिळाली आहे.

त्याच दिवशी हात वर करून मतदान

हात वर करताना माणूस कल्पनेकडे बघत नाही, नणंदेकडे बघतो. मी टिकल्यांचं पाकीट घेऊन जातो. कागद भिंतीवर लावायचे, प्रत्येकीला तीन टिकल्या, एकेकीनं आत जाऊन चिकटवून यायच्या. तेही दुसऱ्या दिवशी, रात्री झोपून उठल्यावर. आदल्या संध्याकाळी भारी वाटलेल्या निम्म्या कल्पना सकाळी कोमेजलेल्या असतात. सगळ्यात जास्त टिकल्या मिळालेली कल्पना घेऊन पाच अनोळखी माणसांशी बोलून यायचं. ओळखीचे नकोत, ते ‘छानच’ म्हणतात.

बारीकसारीक दोन गोष्टी. खडू एकाच्याच हातात देऊ नका, तो आपल्याला पटेल तेवढंच लिहितो. आणि बैठक संपली की फळ्याचा फोटो काढा. मी एकदा काढला नव्हता, शिपायानं पुसून वर ‘सुविचार’ लिहून ठेवला होता.

आधी नाव, लोगो आणि वाटा

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. गेल्या महिन्यात दोन जिवलग मित्र माझ्यासमोर भांडले. एकाला ४० टक्के हवे होते, दुसऱ्याला ‘ग्रुप ऑफ कंपनीज’ हवं होतं. मी विचारलं, “विकणार काय?” तर दोघं एकाच वेळी म्हणाले, “ते आज ठरवायचंय ना, सर.”