“पोराच्या डोक्यात कायच ऱ्हाईना” : पाठांतरातल्या या चुका टाळा

वार्षिक परीक्षा तोंडावर आली की बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातले पालक दारात चपला काढता काढताच सांगू लागतात, “सर, पोराच्या डोक्यात कायच ऱ्हाईना बघा.” मराठी माध्यमाच्या मुलांना एसएसएलसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचे, कन्नड शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली आणि एवढ्या काळात चेहरे तेवढे बदलले, चुका त्याच राहिल्या.

पहिली चूक पालकांची, आणि एके काळी माझीही. स्मरणशक्ती म्हणजे जन्मतः मिळालेले माप, कुणाला पायली तर कुणाला चिपटे, असे आपण धरून चालतो. येळ्ळूरकडच्या एका मुलाला मी भर वर्गात ‘ठोंब्या’ म्हटले होते, कारण आठ दिवस घोकूनही त्याला कन्नडचे दहा शब्द सांगता येत नव्हते. पुढे कळले की तो रोज पहाटे वडिलांबरोबर दुधाचे रतीब घालतो आणि चाळीस घरांचा हिशेब, म्हणजे कुणाचे अर्धा लिटर, कुणाचा खाडा, कुणाची मागची बाकी, वहीला हात न लावता सांगतो. मी गल्लीच्या क्रमाने विचारून पाहिले. एकही घर चुकले नाही. मग मनाने रचलेली पंधरा नावे आणि मापे ऐकवली, तेव्हा मात्र सहाव्या नावापाशीच तो अडला.

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९७३ साली बुद्धिबळात हेच दाखवले होते. खऱ्या डावातला पट पाच सेकंद पाहून मुरलेला खेळाडू नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी जागच्या जागी मांडतो, पण मोहरी कशीही विस्कटून ठेवली की त्याचा वरचष्मा जवळजवळ संपतो. १९८० साली चेस आणि अँडर्स एरिक्सन यांनी आपल्या एका विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध केली. सुरुवातीला सातच अंक ध्यानात ठेवू शकणारा तो तरुण दीड वर्षाहून अधिक सरावानंतर ७९ अंकांपर्यंत पोहोचला. तो धावपटू होता आणि आलेले अंक शर्यतीच्या वेळांमध्ये बांधून ठेवत असे. अंकांऐवजी अक्षरे दिली तेव्हा मात्र तो पुन्हा सहावर आला. माणसामाणसांत जन्मजात फरक असतोच, एका वेळी मनात किती धरता येते आणि लक्ष किती टिकते यातही असतो. परंतु नवे जिथे टांगायचे ती जुनी खुंटी कुणाकडे किती आहे, हा फरक आपण मोजतच नाही. म्हणून मी कन्नडचा नवा शब्द एकटा देत नाही. अडकित्ता घरात असतोच, त्यातले ‘अडिके’ म्हणजे सुपारी, एवढे सांगितले की तो शब्द पुन्हा विचारावा लागत नाही.

दुसऱ्या चुकीचा मला मनापासून राग आहे. कन्नड लिपी शिकायला वेळ नाही म्हणून मुले धडे देवनागरीत उतरवून घोकतात, आणि असली तयार टिपणे विकणारेही आहेत. आपल्या नेहमीच्या देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे लिहिण्याची सोय नाही, कन्नडमध्ये आहे. त्यामुळे ‘केरे’ हा एकच देवनागरी शब्द ऱ्हस्व उच्चारला तर तळे आणि पहिला ‘के’ दीर्घ केला तर धामण. एका हुशार मुलीने सराव परीक्षेत आपल्या गावावर निबंध लिहिला, त्यात गावाबाहेर मोठी धामण असून गुरे तिचे पाणी पितात असे वर्णन होते. किल्ल्याजवळचे ‘कोटे केरे’ तिने लहानपणापासून पाहिलेले, म्हणजे शब्द नवा नव्हता. तिच्या आठवणीत साठला होता तोच मुळी चुकीचा. घाईने वाचवलेले तीन आठवडे तिने पुढे तीन महिने फेडले. ज्यांना लिपीसाठी धीर नाही त्यांना मी आता सरळ परत पाठवतो.

तिसरी चूक म्हणजे वाचलेलेच पुन्हा वाचणे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते, पण एका आठवड्यानंतर त्यांना ४२ टक्के आठवले आणि एकदा वाचून, मिटून, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. माझी पद्धत साधी आहे: जुन्या कॅलेंडरच्या पानामागे आठवेल तेवढे लिहायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मग थेट पुढच्या बाजाराच्या दिवशी. मुलांना हे आवडत नाही, कारण वाचताना येते असे वाटते आणि लिहिताना येत नाही हे दिसते.

बाकीच्या चुकांवर फार लिहिण्यासारखे नाही. रात्रभर जागून पाठ केलेले टिकत नाही, कारण शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. सगळे पान पिवळ्या पेनाने रंगवले तर काहीच रंगवलेले नसते. स्मरणशक्तीच्या चूर्णाचे पैसे वाचवून पोराला शेंगदाण्याचे लाडू द्यावेत.

मात्र चांगले चाललेले पाठांतर अचानक घसरले तर क्लास बदलण्याआधी डॉक्टरांकडे जावे. रक्तक्षय, थायरॉईड किंवा ब-१२ची कमतरता यांपैकी काहीही असू शकते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा विसराळूपणा चष्मा लागल्यावर थांबला. तिला फळाच नीट दिसत नव्हता.