रीपरमध्ये टेक मागे पडतोय? बफर सोडा, आधी ऑफसेट मोजा

घरी रेकॉर्ड केलेली ढोलकी क्लिकच्या, म्हणजे हेडफोनमधल्या तालाच्या टिकटिकीच्या, मागे वाटते असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, बफर (संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे पाठवतो तो) कमी कर. हा सल्ला अर्धवट आहे, आणि त्यापायी चांगले वादक उगाच बोलणी खातात. बफर कमी केल्याने वाजवताना हेडफोनमध्ये ऐकू येणारा उशीर कमी होतो. टेक, म्हणजे एकदा वाजवून रेकॉर्ड झालेला भाग, टाइमलाइनवर नेमका कुठे बसतो ते वेगळं प्रकरण आहे, त्याची सेटिंग, म्हणजे टेक किती सरकवायचा तो ऑफसेट, वेगळ्या पानावर आहे. मी विंडोजवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो म्हणून मेन्यू त्यातले सांगतोय, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलतील, काम तेच.

सोपं आधी उरकू. कंट्रोल पी दाबा, ऑडिओमध्ये डिव्हाइसचं पान उघडा, तिथे इंटरफेसच्या (माइक आणि वाद्यं लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याच्या) कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर, निवडा. तो नसेलच तर एएसआयओफोरऑल हा सगळ्यांना चालणारा ड्रायव्हर, पण नाइलाज म्हणूनच. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) घ्यायचे तो आकडा, ४८०००, कारण गाणं आज ना उद्या व्हिडिओवर जाणारच. २४ बिट. गाणं पूर्ण होईपर्यंत यातलं काही बदलू नका.

बफरचं गणित साधं आहे. १२८ सॅम्पल भागिले ४८००० म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, १०२४ ठेवलंत तर २१ च्या वर, आणि हे एका बाजूचं, आत येताना नि बाहेर जाताना असं दोन्हीकडे लागतं. टेक घेताना १२८, लॅपटॉप कुरकुरला तर २५६, मिक्सिंगला १०२४. ३२ च्या नादी लागू नका, प्रोसेसरला वेळेत बफर भरता आला नाही की आवाजात कडकड येते आणि चांगला टेक हातचा जातो. बफर कमी करूनही गायकाला आवाज उशिराच येत असेल तर मास्टर ट्रॅक बघा, तिथे बहुतेक लुकअहेडवाला लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्यू, म्हणजे आवाज थोडा रोखून धरणारा एखादा इफेक्ट, बसलेला असतो. रेकॉर्डिंगपुरता तो काढा.

आता खरी गोम. ड्रायव्हर सॉफ्टवेअरला सांगतो की माझा एवढा उशीर धर, आणि सॉफ्टवेअर तेवढा टेक टाइमलाइनवर डावीकडे ओढून जागेवर बसवतं. पण ड्रायव्हरने सांगितलेला आकडा बरोबर असेलच असं नाही. मी इथे बराच काळ अडकलो होतो, कारण स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं आणि कानाला काहीतरी ढिलं लागत राहतं. २४० सॅम्पलचा फरक म्हणजे ५ मिलिसेकंद, एका ट्रॅकला खपून जातो, पण ती ढोलकी ऐकून टाळ वाजवला, टाळ ऐकून कोरस गायला, की तो साचत जातो आणि आरतीचा ठेकाच ढिला पडतो.

तर मोजायचं असं. साधी पाव इंची जॅकची छोटी केबल घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आरामात मिळते, आणि इंटरफेसच्या लाइन आउटमधून त्याच्याच लाइन इनमध्ये लावा. त्याआधी तीन गोष्टी बंद, माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटम, इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (आत येणारा आवाज लगेच ऐकवणं) आणि रीपरमधल्या रेकॉर्ड ट्रॅकचं मॉनिटरिंग. हे कृपा करून टाळू नका. मॉनिटरिंग चालू राहिलं तर आवाज गोल गोल फिरून किंचाळतो, तेव्हा हेडफोन कानात असतील तर कानाची वाट लागते, आणि स्पीकर चालू असतील तर भिंतीपलीकडचे शेजारी दारात. हेडफोन काढूनच ठेवा.

पहिल्या ट्रॅकवर एखादा तुटक आवाज ठेवा, रिमशॉट चालेल, लांब शेपटीचा काही नको. दुसऱ्या ट्रॅकवर तो रेकॉर्ड करा. स्नॅप बंद करा, रुलर सॅम्पलवर आणा, भरपूर झूम करून पहिला आवाज सुरू होतो तिथपासून दुसरा सुरू होतो तिथपर्यंत, तेवढंच सिलेक्ट करा. त्या सिलेक्शनची लांबी हाच तुमचा आकडा.

मग प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओखालचं रेकॉर्डिंगचं पान. ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी, म्हणजे उशीर, वापरायची टिक तशीच राहू द्या, कुणीही काढायला सांगितलं तरी. खाली मॅन्युअल ऑफसेट आहे, त्यात इनपुटच्या सॅम्पलच्या रकान्यात आकडा टाका आणि पुन्हा रेकॉर्ड करा. फरक शून्य किंवा एखाद्या सॅम्पलवर यायला हवा. दुप्पट झाला तर उणे चिन्ह लावा. दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय उठू नका, आणि दुसऱ्या कुणाचा आकडा, इंटरफेसचं मॉडेल तेच असलं तरी, उचलून टाकू नका. ड्रायव्हर, सॅम्पल रेट किंवा बफर बदललात की परत मोजा, पाच मिनिटांचं काम आहे.

टेक आधीच झाले असतील तर पुन्हा वाजवायला लावू नका, ते रेकॉर्ड झालेले तुकडे (आयटम) तेवढेच सॅम्पल टाइमलाइनवर डावीकडे सरकवा.

शेवटी प्रेफरन्सेसच्या जनरल पानावरून कॉन्फिगरेशन एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. नवीन लॅपटॉपवर तीच फाइल इम्पोर्ट करा, ऑफसेट तेवढा तिथे नव्याने मोजा.