डबा नाही सापडला? मग तसंच लिहा ना! डीएनएफ लॉग करताना या चुका टाळा

दिवाळीनंतरच्या एका रविवारी पुण्याजवळच्या एका टेकडीवर जिओकॅशिंगला गेलेलो, म्हणजे कोणीतरी लपवलेला डबा (कॅश) जीपीएसने शोधायला. कॅशच्या ऑनलाइन पानावरचा शेवटचा लॉग (शोधणाऱ्याची नोंद) सव्वा वर्षापूर्वीचा आणि तोही पिवळ्या स्मायलीचा, म्हणजे 'सापडला'चा, त्यामुळे डबा असणारच असं धरून दोन तास दगड उलथेपालथे केले, एका दगडाखाली विंचू निघाला पण डबा काही निघाला नाही. आठवड्याने एका मित्राशी बोलताना कळलं की हा पठ्ठ्या गणपतीतच तिथे जाऊन हात हलवत परत आलेला. म्हटलं अरे मग लिहिलं का नाहीस? तर म्हणे, "नाही मिळाला हे काय लिहायचं, लाज वाटते यार."

ही लाज म्हणजे सगळ्यात मोठी चूक. डीएनएफ, म्हणजे 'डिडन्ट फाइंड इट', हा काही नापासाचा शिक्का नाही, तुमच्या सापडलेल्या कॅशच्या आकड्यातून त्याने एकही कमी होत नाही. आणि आपल्याकडे तर त्याची जास्तच गरज आहे. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये एखाद्या शहरातल्या कॅशवर एकाने नाही लिहिलं तरी चार दिवसांत दुसरा कोणीतरी लिहितोच, आपल्याकडे कॅश कमी, शोधणारे त्याहून कमी, त्यामुळे तुमचा एक लॉग कधीकधी सहा-सहा महिने पानावर सगळ्यात वर बसलेला असतो आणि पुढचा माणूस त्याच्याच भरवशावर पेट्रोल जाळून येतो.

आता उलटी चूक. काही जण पार्किंगमधून पाऊस बघून परत फिरतात आणि डीएनएफ टाकतात. यावर कॅशर लोकांत वाद आहेत, कोणी म्हणतं घरातून निघालो आणि मिळाला नाही म्हणजे डीएनएफच. माझा नियम साधा आहे, जागेवर पोचून शोधायला हात घातला तर डीएनएफ, नाहीतर 'राइट नोट', म्हणजे नुसती टीप. कारण ओनर, म्हणजे डबा लपवणारा, डीएनएफचा तो निळा रडका चेहरा बघून विचार करतो की डबा गेला की काय, आणि तुम्ही तर गाडीतून उतरलाच नव्हतात!

लॉगमध्ये नुसतं "नाही मिळाला" लिहून काय उपयोग? किती वेळ शोधलं, हिंट वाचलेली का, फोन अ‍ॅक्युरसी किती दाखवत होता, आणि मुख्य म्हणजे जागेवर काय बदललंय ते लिहा. उदाहरणार्थ: "४० मिनिटं, दोघांनी शोधलं, हिंटमधली भिंत नव्याने प्लास्टर केलेली दिसते, समोर चहाची टपरी झालीये त्यामुळे मगल्स (हा खेळ माहीत नसलेले लोक) खूप, कोपऱ्यापलीकडे नीट बघता आलं नाही." एवढ्यावर ओनरला घरबसल्या कळतं की प्रकरण काय आहे. फक्त जागा फुटेल असं लिहू नका, आणि फोटो टाकताना तर डबल विचार करा.

पण "डबा गेलाय, नक्की" असा निकाल देण्याआधी जरा स्वतःचं तपासा. कोऑर्डिनेट्स हाताने टाकले असतील तर फॉरमॅट बघा. पानावर अंश आणि दशांश मिनिटं असतात, म्हणजे १८° ३०.००० हे दशांश अंशात १८.५ होतं, ते तुम्ही १८.३० असं टाकलंत तर थेट २२ किलोमीटर दक्षिणेला जाल (मी गेलोय, सांगत नाही कुठे). दुसरं म्हणजे जीपीएसवर आंधळा विश्वास. २ मे २००० ला अमेरिकेने सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक काढली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मरने ओरेगनमध्ये बादली लपवली, तिथून हा खेळ सुरू झाला. पण चूक काढली म्हणजे शून्य झाली असं नाही, मोकळ्या मैदानातही तीन-पाच मीटर धरायचेच, वडाखाली किंवा कड्याला चिकटून उभे असाल तर अजून जास्त, आणि लपवणाऱ्याच्या जीपीएसचीही चूक असतेच ना. शून्य मीटर दिसलं म्हणून तिथलीच माती उकरत बसू नका, गोल मोठा करा.

डिफिकल्टी (डबा शोधायला किती अवघड, १ ते ५) बघायला पण लोक विसरतात. दीडच्या कॅशवर सलग तीन डीएनएफ म्हणजे काहीतरी गडबड आहे, साडेचारच्या कॅशवर तीन डीएनएफ म्हणजे रोजचंच. आणि साइज नॅनो असेल तर तुम्ही शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी शोधताय, डबा नाही. खरंच शंका असेल तर डीएनएफ टाका आणि ओनरचं लक्ष मागायचा जो वेगळा पर्याय आहे तोही वापरा, पण पाच मिनिटं शोधून लगेच तो दाबू नका.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो थ्रोडाउनचा. सापडला नाही म्हणून खिशातली डबी तिथे टाकायची, त्यात कागद घालून सही करायची आणि वर 'फाउंड इट'! मूळ डबा दोन हात पलीकडे तसाच असतो बऱ्याचदा, मग पुढचे निम्मे लोक याची डबी शोधतात, निम्मे त्याची, आणि ओनरच्या डोक्याला ताप. ओनरने कागद तपासला आणि तुमची सही नसेल तर तो ऑनलाइन लॉग उडवू शकतो, तेव्हा मग रुसू नका.

तारीख ज्या दिवशी शोधायला गेलात त्याच दिवसाची टाका, लॉग केला त्या दिवसाची नाही, पावसाळ्याआधी की नंतर याने आपल्याकडे सगळा फरक पडतो. ग्रुपने गेलात तर सहा जणांनी सहा कोरे डीएनएफ टाकण्यापेक्षा एकाने तरी नीट लिहा, बाकीचे "वरच्यासोबत होतो" म्हणाले तरी चालेल, नाहीतर ओनरला वाटतं सहा वेगवेगळ्या फेऱ्या झाल्या.

आणि नंतर सापडला म्हणून जुना डीएनएफ डिलीट करू नका हो! त्या टेकडीवरच्या कॅशवर माझे आता दोन निळे चेहरे आहेत. ओनरने दुसरा वाचून डबा बदलला, फेब्रुवारीत मिळाला, जुन्या जागेपासून चार पावलांवर. मित्रानेही शेवटी त्याचा गणपतीतला टाकला, मागची तारीख घालून.