नवतपा लागण्याआधी लेअर शेडची तयारी

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, मेच्या 25 तारखेच्या सुमारास लागतो, पण अमरावती-अकोल्याकडच्या लेअर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या) शेडचे पत्रे एप्रिलमध्येच भाजायला लागतात. त्यामुळे क्षार-जीवनसत्त्वांची जमवाजमव मार्चअखेर उरकून घ्यावी. पक्षी चोच वासून धापा टाकू लागल्यावर आणलेल्या पुड्यांचा निम्माच उपयोग होतो.

सुरुवात बोअरच्या पाण्यापासून. सोडियम, क्लोराइड आणि एकूण क्षार तपासून आकडे शेडच्या वहीत लिहून ठेवा. खारपाणपट्ट्यातल्यांनी, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे त्यांनी, तर हे टाळूच नये. मुळात खाऱ्या पाण्यात इलेक्ट्रोलाइट (क्षारांची पावडर) घातलं की विष्ठा पातळ होते आणि माश्या वाढतात. वरच्या टाकीवर सावली करा. पाणी कोमट असेल तर कोंबडी पीत नाही, मग त्यात काय घातलंय याला अर्थ उरत नाही.

आता कॅल्शियम, कारण नुकसान इथेच दिसतं. पक्षी दिवसाला 110 ग्रॅम खातो तेव्हा 3.8 टक्के कॅल्शियमच्या खाद्यातून त्याला 4 ग्रॅमच्या वर मिळतं. उन्हात खाणं 90 ग्रॅमवर आलं की तेच साडेतीनच्याही खाली जातं. खाद्यातली सगळी चुनखडी बारीक पावडरची असेल तर ती लवकर विरघळून जाते, आणि कवच तर बहुतेक रात्री घडतं. म्हणून 2 ते 4 मिलिमीटरची शेल ग्रिट (शिंपल्यांची जाड भरड) आणून ठेवा आणि हजार पक्ष्यांना संध्याकाळच्या खाद्यावर दोन-अडीच किलो पसरा. ओंजळीत घेऊन चोळून पाहा. हाताला पीठच लागत असेल तर पोतं परत पाठवा. माझ्या मते रंगीत टॉनिकच्या आधी पैसे इथे घालावेत.

खाण्याचा सोडा खाद्याच्या टनाला 3 किलोच्या हिशेबाने घ्या. धाप लागली की कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवच पातळ होतं. सोडा ती तूट थोडी भरतो. सोबत मीठ टनामागे किलोभर कमी करा, पूर्ण बंद नको, क्लोराइड त्यातूनच येतं. पाण्यात सोडियम जास्त निघालं असेल तर सोड्याचं प्रमाण आधी पशुवैद्यकांना विचारा.

व्हिटॅमिन सी कोंबडी स्वतः तयार करते, पण कडक उन्हात ते पुरत नाही. खाद्यात टनाला 200 ते 250 ग्रॅम पुरे, तेही आवरण असलेलं. पाण्यातून द्यायचं तर रोज सकाळी ताजं कालवा. क्लोरीन आणि सी एकमेकांना मारतात, तेव्हा त्या टाकीत क्लोरीन नको. व्हिटॅमिन ई आणि झिंक प्रीमिक्समध्ये (खाद्यात मिसळायच्या जीवनसत्त्व-खनिजांच्या तयार मिश्रणात) किती आहे ते लेबलवर बघा. सेलेनियमच्या बाबतीत हात आखडता घ्या. दोन-तीन उत्पादनांतून नकळत जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

प्रीमिक्सची पोती पत्र्याखाली रचू नका, थंड खोलीत फळीवर ठेवा. कोलीन क्लोराइड हा खाद्यात घालायचा पूरक घटक वेगळाच साठवा. ते ओल धरतं आणि जीवनसत्त्वं खराब करतं. साखर असलेली इलेक्ट्रोलाइट पावडर दिली की रात्री निपल लाइन (कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्याची नळी) धुवून काढा, नाहीतर आत बुळबुळीत थर साचतो. अशी पावडर तीन ते पाच दिवसच चालवा, आणि फुटक्या, मऊ अंड्यांचा रोजचा आकडा त्याच वहीत पाण्याच्या आकड्यांशेजारी लिहा.